टपाखालचा पाऊस

आधी हात धुऊन कोरडे करा. मग उजवा तळहात गाडीच्या टपावर ठेवा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. दाबू नका, नुसता टेकवा. गाडी जवळ नसेल तर डोळ्यांपुढे आणा: फिकट निळी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, भोरजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी. महिना मे, वेळ सकाळी सातची. नीरेकडून येणारा गारवा अजून आहे, तासाभरात तो जाईल. तोवर टप हाताला सोसतो. दहानंतर याच टपावर कुरडया वाळतील.

हात तिथेच राहू द्या. आज कुठे जायचं नाही. गाडीही हलणार नाही. तिची बॅटरी काढून शेडच्या कोपऱ्यात ठेवली आहे. हाताला काय लागतं तेवढंच बघा. रंगाचा गुळगुळीतपणा, मधोमध किंचित फुगवटा, रात्रीच्या धुळीचा थर. श्वास आपल्या चालीनं येऊ द्या.

एसटीच्या टपावर सायकली, आंब्याच्या पेट्या, क्वचित एखादी शेळीसुद्धा चढलेली पाहिलेली माणसं अजून आहेत. टपावर काय चढलं ते त्यांना आठवतं, टप कसा होता ते आठवत नाही. जुनी गाडी घेताना माणूस बॉनेट उघडतो, दारं आपटून बघतो, टायरला लाथ मारतो (का मारतो ते मला आजवर कळलेलं नाही), वाकून खालचा पत्रा पाहतो. टपाकडे मात्र जात नाही. वरून पाहायचं तर पाटावर उभं राहावं लागतं आणि आतून पाहायचं तर मध्ये लायनिंग असतं.

आता हात सावकाश कडेला न्या. दाराच्या वर, टपाच्या काठानं पत्र्याची एक बारीक दुमड गेली आहे. शेडचा मिस्त्री तिला पन्हाळ म्हणतो, त्याच्या हाताखालची पोरं गटर म्हणतात. टपावरचं पाणी दारात न उतरता पुढे-मागे वाहून जावं, एवढंच तिचं काम. तिच्यात तर्जनी ठेवा आणि पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत फिरवत न्या. या छोट्याशा वाटेला पुरे दहा श्वास द्या.

धूळ लागेल. आंब्याचा वाळलेला मोहोर लागेल. मग मागच्या दाराच्या वर, बोटाला वाळूसारखं काहीतरी टोचेल. तिथे थांबा. बोट थोडं वर सरकवा. रंगाखाली एक फोड आला आहे, रुपयाच्या नाण्याएवढा. दाबला की कुरकुरतो.

याच दुमडीत टपाचा पत्रा आणि बाजूचा सांगाडा एकमेकांवर आलेले असतात. ठरावीक अंतरावर विजेचे टाके मारून ते जोडतात आणि फटीत सीलंट भरतात. कुर्ल्याच्या कारखान्यात ते भरलं तेव्हा मऊ होतं. चाळीसेक उन्हाळ्यांनी त्याची वीट केली आहे, आणि विटेला केसाएवढ्या भेगा आहेत. वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीतून १९६४ पासून ही गाडी फियाट अकराशे डिलाइट म्हणून निघत होती. १९७४ मध्ये ती पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोक हळवे झाले. मीही झालो. पण त्या टॅक्सींच्या फोटोंत माझी नजर काळ्या-पिवळ्या रंगावर न जाता कॅरिअरच्या पायांवर जात होती. कॅरिअर याच पन्हाळीला चिमटे लावून बसतं. चिमटा रंग खरवडतो आणि खरवडीत पाणी मुक्काम करतं. माझ्याही गाडीवर पंधरा वर्षं कॅरिअर होतं.

आता बोटाच्या पेरानं टप वाजवा. मडकं घेताना वाजवतो तसा, एकेका जागी एकदाच. मधोमध टण्ण असा मोकळा आवाज येतो. कडेकडे येता येता तो आखडतो. फोडाच्या आसपास आवाज भद्द होतो, भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. पुन्हा मधोमध जा, पुन्हा कडेला या. दोन्ही आवाज कानात शेजारी-शेजारी ठेवा.

मिस्त्री खिशातून लोहचुंबक काढतो, रुमालात गुंडाळतो आणि टपावर ठेवतो. मधोमध तो घट्ट धरतो. फोडाच्या वर चार बोटं गेल्यावर तो सुटतो आणि घरंगळतो. म्हणजे तिथे पत्रा नाही. तिथे लांबी आहे, रंगाखाली भरतात ती पुट्टी.

“ही कुणी भरली?” मी विचारलं.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. “गाडी कुणाची काका?”

नऊ वर्षांपूर्वी घरात लग्न होतं. गाडी मांडवापुढे उभी राहायची होती. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये तेव्हा मीच सांगितलं होतं, आत शिरू नका, वरून नीट दिसेल एवढं करा. त्यांनी सांगितलेलं केलं. लांबी पाणी पिते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नऊ पावसाळे ती पीत होती आणि खालच्या पत्र्याला पाजत होती.

इथे थोडं बसू. शेडच्या दाराशी एक ऑइलचा डबा पालथा घातलेला आहे, त्यावर बसा. आपण कधीतरी, कशाच्या तरी बाबतीत, वरून नीट दिसू दे म्हणालेलो असतो. ती गोष्ट मनात आली तर येऊ द्या. तिला नाव देऊ नका, तिचा हिशेब मांडू नका. नुसती वाजवून बघा, टपासारखी. कुठे टण्ण येतं, कुठे भद्द.

चहा आला. तो प्या.

लायनिंग काढायचं काम घाईचं नाही. मागची काच निघते, तिचं रबर निघतं. दारांच्या कडेचं बीडिंग, सावलीच्या झडपा, मधला दिवा, आरसा. लायनिंगच्या कडा रबराखाली चिकटवलेल्या असतात. त्या ओढायच्या नसतात, सोडवायच्या असतात. वर ते पत्र्याला कुठेच चिकटलेलं नसतं. आडव्या तारांवर ताणलेलं असतं, मच्छरदाणीसारखं. डोळ्यांना चष्मा लावा आणि नाकाला रुमाल बांधा, कारण शेवटची कड सुटते तेव्हा त्या झोळीत साठलेलं सगळं खाली येतं. आमच्याकडे काळपट तपकिरी भुकटीचे दोन-तीन ओंजळभर ढीग आले, कुजलेल्या नमद्याचे तुकडे आले, आणि मातीचं एक घर आलं. कुंभारीण माशीचं. ते पुढच्या उजव्या कोपऱ्याजवळ होतं, ठणठणीत कोरडं. गंजाच्या पसाऱ्यात त्या माशीनं आपल्यापुरती कोरडी जागा हेरली होती. मिस्त्रीनं ते फोडलं नाही, फळीवर ठेवलं.

आता गाडीत बसा. मागच्या सीटच्या जागी गोणपाट टाकलं आहे, त्यावर आडवे व्हा. मिस्त्री शेडचं दार लोटून घेईल आणि टपावर दोनशेचा बल्ब धरेल. डोळे अंधाराला सरावू द्या. तीस श्वास लागतात. मग वर बघा.

कौलारू घरात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना कवडसा माहीत आहे. हे त्याहून बारीक. मागच्या डाव्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके. आधी पाच दिसतात. बघत राहिलं की अकरा होतात. मोजू नका खरं तर. मी मोजले.

आणि एक पाहा. या कोपऱ्यातून पाणी माझ्या अंगावर कधी पडलं नव्हतं. पाणी पडायचं ते पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यावर. तीन पावसाळे मी पुढच्या काचेचं रबर बदलत होतो. पाणी मागे शिरत होतं, वरंधा घाटाच्या उतारावर लायनिंगवरून घसरत पुढे येत होतं आणि मधल्या दिव्यापाशी टपकत होतं.

पुढचा भाग घरी करून बघण्यासारखा आहे. एखादा जुना लोखंडी पत्रा घ्या, पॉलिश पेपरनं चकचकीत घासा. वाटीभर पाण्यात चिमूट मीठ विरघळवा आणि त्यातला एक थेंब पत्र्यावर ठेवा. एकच. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि थेंबाकडे बघत बसा.

आपल्याला वाटतं, पाणी जिथे जास्त तिथे गंज जास्त. थेंब मधोमध जाड आहे आणि कडेला पातळ, तेव्हा मध्ये तपकिरी व्हायला हवं. काही वेळानं उलटं दिसतं. मधला भाग उजळ राहतो आणि त्याच्याभोवती, कडेपासून थोडं आत, तपकिरी कडं उमटतं. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात हा थेंब नीट अभ्यासला. कडेच्या पातळ पाण्यात हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्ये तो पोचता पोचता संपतो. जिथे तो कमी, तिथलं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं. त्यानं सोडलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजनच्या कामी येतात. मधून निघालेलं लोखंड आणि कडेला तयार झालेला हायड्रॉक्साइड यांची गाठ वाटेत पडते. गंज तिथे बसतो.

पुन्हा थेंबाकडे बघा. तपकिरी दिसतं तिथे लोखंड बऱ्यापैकी शाबूत आहे. उजळ दिसतं तिथून ते निघून चाललं आहे.

हे कळल्यावर मी पन्हाळीकडे पुन्हा गेलो. उघड्या टपावर भोर-वेल्ह्याचा सगळा पाऊस पडतो, आषाढात दिवसचे दिवस, आणि तो टप धड आहे. फुटलेल्या सीलंटमधून फटीत शिरलेलं पाणी चमचाभरसुद्धा नसेल. पण तिथे वारं जात नाही, ऊन जात नाही. भर म्हणून टपाच्या आतून चिकटवलेला नमदा, आवाज कमी व्हावा म्हणून लावलेला, तो ओल धरून बसतो. रात्री थंड पत्र्याला आतल्या माणसांच्या श्वासाचं दव धरतं, तेही तोच पितो. आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. म्हणून दोन पत्रे एकमेकांपासून उचकटतात, फट रुंदावते, आणखी पाणी शिरतं. वर फोड येतो तो सगळ्यात शेवटी.

हे काम मे महिन्यातच का, असं मी विचारलं नाही. या मुलखात ते विचारावं लागत नाही. वेल्ह्याकडे याच दिवसांत घरं शाकारतात. कौलं उतरवतात, फुटकी बाजूला काढतात, वासे आणि रिपा ठोकून बघतात, पुन्हा चढवतात. भिंतींना पावसाच्या माऱ्याच्या बाजूनं झडी बांधतात. भाटघर धरणाचं पाणी याच दिवसांत खाली जातं आणि वर्षातला बहुतेक काळ बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ वेळवंडीच्या पात्रात उघडं पडतं. लोक दर्शनाला जातात. एका वैशाखात मी तिथे गेलो होतो. पायाखालचा गाळ तडकलेला, दगड मात्र जसेच्या तसे. दगडाला बुडणं-उघडणं सोसलं आहे. पत्र्याला सोसत नाही. कायम बुडालेलं लोखंड एक वेळ टिकतं, भिजणं-वाळणं पुन्हा पुन्हा झालं की लवकर जातं.

आता कापायचं. बाहेरून रुपयाएवढं दिसत होतं. मिस्त्रीनं ग्राइंडर लावला, लांबीचा पांढुरका धुरळा उडाला, त्याखाली जुना तपकिरी थर, त्याखाली भोकं. तो घासत गेला. मी म्हणालो, “एवढं बास.” तो म्हणाला, “पांढरा लागू द्या.” पांढरा म्हणजे निरोगी पत्रा. तो जिथे लागतो तिथेही थांबायचं नाही, आणखी दोन बोटं पुढे जायचं. शेवटी वीतभर लांब आणि चार बोटं रुंद तुकडा निघाला. गाडीला खिडकी पडली. तिच्यातून शेडचे पत्रे दिसत होते.

त्या खिडकीसमोर थोडं उभे राहा. माझ्या पोटात खड्डा पडला होता, ते लपवण्यात अर्थ नाही. निघालेला तुकडा हातात घ्या. एका टोकाला तो ठणठणीत आहे, दुसऱ्या टोकाला बोटानं चुरतो. कुठून कुठे गेला ते अंगठ्यानं शोधा. रेघ सापडत नाही.

नवा तुकडा वीस गेजच्या पत्र्याचा. पुठ्ठ्याचं माप घेऊन कापलेला, हातोडी आणि डॉलीनं, म्हणजे हातातल्या ऐरणीनं, टपाच्या गोलाईला आणलेला. त्याच्या मागे पन्हाळीचा गेलेला भागही वाकवून केलेला. मग टाके. टपाचा पत्रा मोठा आणि सपाट. एका दमात वेल्डिंग केलं की तापून पापडासारखा वाकतो आणि परत येत नाही. म्हणून एक टाका इथे, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, तिसरा मध्ये. प्रत्येक टाक्यावर ओलं फडकं. पुढचा टाका कधी, तर आधीच्यावर बोट टेकवता येईल तेव्हा.

हे बघण्यासारखं आहे आणि याला बराच वेळ लागतो. टाक्याकडे थेट बघू नका, नजर फिरवा, आवाज ऐका. चर्र. मग फडक्याची वाफ. मग काही नाही. त्या काही नाहीमध्ये मिस्त्री तंबाखू मळत नाही, मोबाइल बघत नाही, पुढचं हत्यारही उचलत नाही. पाण्याची बादली जवळ ओढतो आणि टपाकडे बघत उभा राहतो. तुम्हीही तसेच उभे राहा. टाका गार होईपर्यंत. मग पुढचा.

आसपासच्या पत्र्यावर जिथे गंज वरवरचा होता आणि कापायची गरज नव्हती, तिथे त्यानं बाटलीतलं औषध लावलं. तपकिरी डाग बघता बघता निळसर काळा झाला. अशा काही औषधांत टॅनिक आम्ल असतं. ते गंजाशी मिळून काळा, घट्ट थर करतं. मी खूश होऊन सांगायला लागलो की हे तर आपल्याच डोंगरातल्या हिरड्यात भरपूर आहे, हिरडा आणि हिराकस मिळून जुन्या काळी शाई व्हायची. मिस्त्रीनं ऐकून घेतलं. “आमची आई लोखंडी कढईत आवळा भिजवायची, केसांना. तसंच ना?” तसंच. माझी शाई आणि त्याच्या आईचा कलप, दोन्ही गंजाची सावत्र भावंडं.

मग सीलंट. मग प्रायमर, वरून आणि आतून. प्रायमर दिला म्हणजे झालं असं समजून अनेकजण गाडी तशीच फिरवतात. साधा प्रायमर पाणी अडवत नाही, पितो. रंग त्यावर लवकर चढायला हवा. रंगाचं फार सांगत नाही. निळा जुळला नाही. थोडा गडद आला.

मग तांब्यानं पन्हाळीत पाणी ओतायचं, धार बारीक, आणि आत फटींवर खडूची भुकटी भुरभुरायची. ओल आली की भुकटीत रेघ उमटते. अर्धा तास थांबलो. रेघ उमटली नाही. मी लायनिंगची गुंडाळी उचलली. मिस्त्रीनं ती माझ्या हातून घेऊन परत खुंटीवर टांगली. “एक खरा पाऊस बघून घ्या.”

त्या पावसाला चला. कापूरहोळवरून नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर, वेल्हे. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, बोलण्यात अजून वेल्हंच येतं. जूनचा दुसरा आठवडा. तोरणा ढगात. गडाची डागडुजी करताना धनाचे हंडे सापडले आणि त्यातून शिवाजी महाराजांनी राजगड उभा केला, असं सांगतात. आमच्या डागडुजीत सापडलेलं मातीचं घर मी डॅशबोर्डवर ठेवलं होतं.

गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. इंजिन बंद करा. सगळ्या सीटांवर वर्तमानपत्रं पसरा आणि स्वतः पुढे डावीकडे बसा. पाऊस येईल.

आला. लायनिंग नसलेल्या टपावर तो असा वाजतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. बोलायचं नाहीच. हात वर करा, उघड्या पत्र्याला आतून तळहात लावा. बाहेरून लावला होता तसाच, नुसता टेकवून. थेंब हातावर आपटतात आणि हात कोरडा राहतो. मागे वळून बघा: जोडलेला कोपरा कोरडा. त्याखालचा कागद कोरडा. दहा मिनिटं. वीस मिनिटं.

मग ड्रायव्हरच्या सीटवरच्या कागदावर एक गोल डाग दिसला. आठ आण्याएवढा. वर बघितलं तर मधल्या दिव्याच्या जागेपाशी, तारेला, एक थेंब लोंबत होता.

मिस्त्रीला फोन लावला. पावसात अर्धं ऐकू आलं.

“लायनिंग लावलं नाय ना?”

“नाही.”

“मग लावू नका. दसऱ्यापर्यंत अशीच फिरवा. अन् थेंब पुसू नका.”

तेव्हा पुसू नका. थेंब जड होतो, पडतो, आणि त्याच्या जागी दुसरा धरतो. तो तारेवरून येतो आहे. तार डावीकडेही जाते, उजवीकडेही. उजवीकडे, पुढच्या कोपऱ्यात, कुंभारणीचं घर जिथे होतं ती मातीची खूण अजून पत्र्यावर आहे, कोरडी. मान मागे टेकवा. बोट तारेला लावू नका, पाणी बोटाच्या मागे येईल. दुसरा थेंब कुठल्या बाजूनं सरकतो आहे, तेवढं बघत बसा.